पोतारलेल्या भिंतीवरचा डास

हिवतापाच्या खात्यात, सेनगावला, मी नवा होतो. गावोगावच्या घरांतून पकडलेले डास काचेच्या नळ्यांतून यायचे. सुईनं त्यांचं पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, हे माझं काम. घरचे हसायचे, पोरगं शिकून डास मारून राहिलं म्हणून. मला मात्र एकच ध्यास होता: डासाच्या पोटात वाढणारा हिवतापाचा जंतू या डोळ्यांनी पाहायचा!

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात तो दिसला. पोटाच्या पातळ पडद्याला बाहेरून चिकटलेले गोल गोल दाणे. एक, दोन, सात! मी स्टुलावरून उडालोच. "सर, सापडला!"

प्रयोगशाळेतल्या सरांनी डोळा लावला. "बराबर. आता लाळेच्या ग्रंथी पाहा."

त्या रिकाम्या होत्या. म्हणजे जंतू अजून पोटातच. लाळेत उतरायला त्याला आणखी काही दिवस हवे होते. मगच तो डंखातून माणसात गेला असता. कसला शिस्तीचा प्राणी! मी हरखून बोलतच सुटलो.

"पण हा डास तापातल्या कुणाचं तरी रक्त पिऊन आलाय," सर म्हणाले. "नळी कुठल्या घरची?"

मी चिठ्ठी वाचली. जवळच्याच गोरेगावचं, आमचंच घर. तिथं ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती.

सायकल दामटत घर गाठलं. ताईच्या बाजेमागची भिंत पांढऱ्या मातीनं लख्ख पोतारलेली. भिंतीवर बसणारे डास मरावेत म्हणून आमच्या खात्यानं फवारलेलं औषध त्या मातीखाली गडप! रविवारी गावभर 'भिंती पोतारू नका' सांगत फिरणाऱ्या माझंच हे घर.

"आई, हे काहून केलंस?"

"दसरा हाय, घरात लेकरू येऊन राहिलं. त्या औषधाच्या डागांत ठेवू व्हय त्याला?"

आईचा हात धरला तर चटकाच बसला. एक दिवसाआड थंडी वाजून ताप येत होता, आणि ताईवर कामाचा भार नको म्हणून ती गप्प होती.

दोघींचं रक्त काचपट्टीवर घेऊन गेलो, तपासलं. आईच्या रक्तात जंतू होते, ताईच्या नव्हते. मी नाचायचाच बाकी होतो! दुसऱ्या दिवशी आईला गोळ्या देताना सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं.

"म्हंजी तो डास माझ्याकडून ताप घेऊन पोरीकडं निघाला व्हता?"

"व्हय."

ती तापातच उठली, खुरपं घेतलं आणि आपली नवी भिंत खरवडायला लागली.