बुडबुडेबाई

बाई सहीसाठी पेन हातात घ्यायच्या, पण टोपण काढायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "हे तू पाहिलंस?" मान हलवली की, "कशातून?" मग आमचं प्रॅक्टिकलचं जर्नल सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवलं जाई, बाई आधी डोळा लावत, मग आम्हाला लावायला सांगत. बहुतेकदा टोपण तसंच राही.

१९७४ साली सोलापूरच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.ला होतो. वैरागजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरात, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सेल बायॉलॉजी आणि बायोफिजिक्सचा पेपर बाई शिकवायच्या. हुद्दा मात्र डेमॉन्स्ट्रेटरचा, तोही हंगामी. दर जूनला नवी ऑर्डर निघे. पूर्ण पेपर शिकवणाऱ्या बाईंना स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्चीसुद्धा नव्हती. कॉलेजात असंच असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आज त्याचा राग येतो.

बुडबुड्याची गोष्ट आधी सांगतो. कांद्याच्या पेशीच्या आकृतीत आम्ही सगळ्यांनी जाड काळ्या कडेचं एक वर्तुळ काढलं होतं आणि बाण करून नाव दिलं होतं 'रिक्तिका'. बाईंनी मागच्या बॅचेसची जर्नलं मागवली. चार वर्षं तेच वर्तुळ, त्याच जागी, खाली विभागप्रमुखांची, म्हणजे हेडसरांची, लाल सही. तो हवेचा बुडबुडा होता. पहिल्या बॅचमधल्या कुणाच्या तरी स्लाइडमध्ये शिरलेला. कुणीतरी म्हणालं, बाई, सगळेच असं काढतात की. बाई अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. चिडल्या की "साकु", म्हणजे पुरे, म्हणायच्या. "साकु. हा बुडबुडा चारदा एम.एस्सी. झाला. आता त्याला नोकरी बघा."

तेव्हापासून त्यांचं नाव बुडबुडेबाई पडलं. मीही मागून म्हणायचो.

बायोफिजिक्स बाई हातांनी करून दाखवत शिकवायच्या. एकदा परीक्षानळीत सीडरचं तेल घेऊन त्यांनी काचेची कांडी आत सोडली. तेलातली कांडी दिसेनाशी झाली. काच आणि हे तेल प्रकाशाला सारखंच वळवतात, म्हणून स्लाइड आणि मोठं भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवायचा, म्हणजे प्रकाश वाया जात नाही. मला हे एका क्षणात कळलं. पण तेल टेबलावर होतं आणि ते मोठं भिंग असलेला विभागाचा नवा सूक्ष्मदर्शक हेडसरांच्या कपाटात. तो वर्षातून एकदा बाहेर निघायचा, खंडेनवमीला. नळीवर हळदकुंकू, पुढे नारळ, आणि परत कुलूप. बाईंनी चावीसाठी तीन अर्ज दिले. पोरं फोडतील, असं उत्तर मिळालं.

त्या दिवाळीआधी मी गावच्या ज्वारीतून डबाभर नाकतोडे धरून आणले. त्यांच्या वृषणात गुणसूत्रांच्या जोड्या कशा गुंततात ते पाहायचं होतं. आमच्या जुन्या भिंगाखाली नुसते लाल ठिपके दिसले. बाकीच्यांनी पुस्तकातून आकृती उतरवली. मी घाबरत लाल ठिपके काढले आणि खाली लिहिलं, "गुंता दिसला नाही. मोठे भिंग मिळाले नाही." बाईंनी टोपण काढलं आणि सही केली.

पुढच्या फेब्रुवारीत विभागाची मान्यता तपासायला विद्यापीठाची समिती आली. नवा सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडलेला होता. विद्यार्थी रोज वापरतात, असं हेडसर म्हणाले. बाई कोपऱ्यातून पुढे आल्या. "सर, नळीवर खंडेनवमीचं कुंकू अजून आहे. भिंगाला तेलाचा एक थेंब लागलेला नाही."

समितीतल्या एका गृहस्थांनी जवळच उभ्या असलेल्या मला विचारलं, "तू वापरलायस का हा?"

जर्नल माझ्या पिशवीत होतं. ते पान मला पाठ होतं. हेडसर माझ्याकडे पाहत होते, आणि प्रॅक्टिकलचे अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते.

"व्हय सर," मी म्हणालो.

मान्यता चालू राहिली. जूनमध्ये बाईंची ऑर्डर निघाली नाही; समितीसमोर खोटं बोलून विभागाची बदनामी केली, असं कारण कानावर आलं. खोटं! त्या खोलीत खरं बोललेलं माणूस एकच होतं. पोरं सूक्ष्मदर्शक फोडतील म्हणून कुलूप घालणाऱ्यांनी एका बाईची नोकरी मोडली, आणि त्यांना ते मोडणं मी सोपं करून दिलं.

शेवटच्या दिवशी त्या सायकलच्या कॅरियरला पुस्तकं बांधत होत्या. मी जवळ गेलो, चुकलं म्हणालो.

त्यांनी दोरीची गाठ आवळली. "घाबरलेला दिसलास. मला दिसलं तेवढंच सांगते." मग म्हणाल्या, "ते पान फाडू नकोस."

दुसऱ्या वर्षी हेडसरांनी ते पान बदलून आणायला सांगितलं. मी बदललं नाही. त्याचे गुण गेले. पण त्यात शौर्य काही नव्हतं. बाई तोवर गेलेल्या होत्या. पुढे त्या कुठे होत्या, हे मला कळलं नाही.

आज मी एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. आमचा सूक्ष्मदर्शक उघड्या टेबलावर असतो. त्याचं एक भिंग पोरांनी खरंच फोडलं, दुसरं आणलं. पहिल्या प्रॅक्टिकलला कुणीतरी विचारतंच, सर, काही दिसत नाही, काय काढू? मग मी पिशवीतून ते जर्नल काढतो आणि बाईंची सही असलेलं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवतो. समितीसमोर ते पिशवीतच राहिलं होतं, हे पोरांना सांगत नाही.