जमतं की

कोर्टाच्या बातम्या करत होतो, तेव्हाची ही एक सुनावणी. दावा अपघाताच्या नुकसानभरपाईचा होता. अर्जदार घरांना रंग देणारा, चाळिशीचा माणूस. ट्रकनं मोटारसायकलला धडक दिली, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. तरी साक्षीसाठी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चाकाच्या खुर्चीत ताठ बसला होता.

विमा कंपनीच्या वकिलानं आपुलकीनं विचारलं, "अंघोळ स्वतः करता ना, दादा?"

"जमतं की."

"आणि कपडे?"

"घालतो की. कुणाच्या जिवावर पडून नाही राहिलो मी."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. अशा दाव्यात माणसानं काय गमावलं हे मोजतात. जे उरलं, त्यानं भरपाई कमी होते. माणूस मात्र जन्मभर उलटंच शिकलेला असतो. चारचौघांत दुखणं झाकायचं, आपलं बरं चाललंय असं दाखवायचं. ती सवय एका अपघातानं जात नाही.

मग बायकोची साक्ष झाली. नवऱ्याकडे न बघता ती पुटपुटली, "हे खोटं बोलतात, साहेब. अंघोळ मीच घालते. संडासचंही मीच काढते. रात्री कूससुद्धा बदलता येत नाही त्यांना."

"बाई, नोंद करायची आहे," न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले. "जरा मोठ्यानं सांगा."

तिनं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

कुणी काही विचारलं नव्हतं, तरी खुर्चीतला माणूस बोलला.

"लिहा, साहेब. ती सांगते तसंच आहे."