भालदाराच्या पायातले बूट

लढाईवर जाण्याआधी आमचे हे लग्नघरांच्या भिंती रंगवायचे. दाराच्या एका अंगाला भालदार, दुसऱ्या अंगाला चोपदार, वर पोपटांची जोडी. चुना, गेरू, नीळ आणि काजळी एवढ्यावर ते असा भालदार उभा करत, की पोरं त्याच्या मिशांना हात लावून बघत. मी कोरेगावकडची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. वडूजच्या माळावर दिली म्हणून बापावर रुसले होते. पण सासरच्या दारातला भालदार नवरदेवानंच काढलाय हे कळलं आणि माझा निम्मा राग तिथंच गेला.

लढाई संपून हे इटलीतून परत आले ते अनवाणी. बूट नव्हते असं नाही. ट्रंकेत चांगले जाड तळाचे बूट होते, हे त्यांना पॉलिशही करत. पण पायात घालायचे नाहीत. वैशाखात माळ तव्यासारखा तापतो, तरी हे अनवाणीच. मी म्हणायची, काय लोणचं घालायचंय का त्या बुटांचं? हे ट्रंकेचं झाकण लावून टाकत. रात्री माझे पाय गोधडीबाहेर आले तर मात्र उठून झाकायचे.

बुटांखाली चित्रं होती. कुणा साहेबानं रंगांची पेटी दिली होती म्हणे. ती संपल्यावर कोळसा आणि चहाच्या पाण्यानं, खोक्यांच्या पुठ्ठ्यावर काढलेली. छप्पर उडालेली घरं, बर्फात मरून पडलेली खेचरं, काळी नदी. आणि प्रत्येक चित्रात कुठंतरी कोपऱ्यात दोन उघडे पाय. माणूस नाही, नुसते पाय. असली चित्रं घरात ठेवू नयेत, असं मी यांना स्पष्ट सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांची भीती वाटायची. चुलीपुढं बसले तरी ते पाय पाठीमागं असल्यासारखे वाटत.

शेजारी आमच्या चुलतसासूबाईंचं घर. त्यांचा मुलगा आणि हे एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. तो बेपत्ता असल्याची तार आली होती. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं सासूबाई सगळ्यांना बजावत, आणि त्यांची सून रोज ठसठशीत कुंकू लावी. यांना सासूबाईंनी किती वेळा विचारलं असेल. धुमश्चक्रीत मी पुढं होतो, मला दिसला नाही, एवढंच हे सांगत.

मग सासूबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या यांना म्हणाल्या, भिंत तूच रंगव, आणि भालदाराला माझ्या लेकाचं तोंड दे. नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तो यायचा तेव्हा येईल, तोवर दारात तरी उभा राहू दे.

यांनी नाही म्हणून पाहिलं. मग लग्नाच्या आदल्या दिवशी गेरू कालवायला मला बरोबर घेऊन गेले. फेटा, मिशा, भाला, सगळं झालं. बेपत्ता दीर समोर हसत उभा राहिल्यासारखा दिसू लागला. शेवटी पाय. भालदाराच्या पायात जोडे काढतात. यांनी ट्रंकेतले बूट आणवले, समोर ठेवले आणि बघून बघून तसेच काढले. डाव्या बुटाच्या नाडीत एक काळा दोरा ओवलेला होता, तोही काढला. विसरून काढला की सांगायचं म्हणून काढला, हे मला आजही ठाऊक नाही.

सासूबाई बघायला आल्या. तोंड बघून हसल्या, डोळे पुसले. मग खाली पायांकडं बघितलं आणि तिथंच बसल्या.

"दोरा मी वळला हुता," त्या म्हणाल्या. "बूट बदलला तरी दोरा टाकू नगंस म्हणून सांगितलं हुतं."

यांच्या हातातली कुंचली तशीच राहिली. "बरफ हुतं, काकी. माजं बूट फाटलं हुतं."

"थंड पडल्यावर काढलंस का आदी?"

"थंड पडल्यावर."

ट्रंकेतल्या चित्रांमधले पाय कुणाचे ते मला तेव्हा कळलं, आणि दोन वर्षं हा माणूस अनवाणी का चालला तेही.

"आज बोललास तर सुतक धरावं लागंल, पोरीचं लगीन मोडंल," सासूबाई उठत म्हणाल्या. "सुनंलाबी उद्याच्याला कुंकवानं मिरवू दे. आन कान पिळाय तूच ये. बूट घालून ये."

दुसऱ्या दिवशी हे बूट घालून मांडवात आले. चालताना लंगडल्यासारखे दिसत होते. त्यांनी नवऱ्याचा कान असा पिळला, की तो कळवळला आणि वऱ्हाड हसलं. तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या, यांच्यापुढं खाली बसल्या आणि पदरानं दोन्ही बुटांवरची धूळ पुसली. लोकांना वाटलं, पुतण्याचं कौतुक चाललंय.

सून माझ्या शेजारी उभी होती, बायकांना हळदीकुंकू लावत. तिनं सासूकडं बघितलं, मग बुटांकडं, मग नाडीतल्या दोऱ्याकडं. हातातलं कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली.