धुतलेली शाल

हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखात्यात काकूंची उभी हयात गेली. वर पाहुणे बदलत राहिले आणि खाली काकू चादरी-टॉवेलांचे डाग काढत राहिल्या. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. कुणाच्या घरी गेल्या तरी आधी पडद्यांकडे बघायच्या, मग माणसांकडे. घरच्यांनी त्यांना समजावणं केव्हाच सोडून दिलं होतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

मग खोकला लागला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि यापुढे वाफेत उभं राहायचं नाही, असं बजावलं. म्हणजे घरी बसा. रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शिवाय सुनेशी त्यांचं जे गोडीगुलाबीनं चाललं होतं, ते दोघी दिवसभर वेगवेगळ्या छपरांखाली असल्यामुळेच, हे त्या पक्कं जाणून होत्या.

हॉटेलचे मॅनेजर, म्हणजे साहेब, माणूस तसा भला. फक्त नियमाच्या बाहेर बोटभरही न सरकणारा. वर दाराशेजारी हरवलेल्या वस्तूंची खिडकी होती, तिथली जागा रिकामी झाली होती. साहेब म्हणाले, महिनाभर बसून बघा, जमलं तर ठेवू. पण बाहेरच्या पाहुण्यांशी चार शब्द इंग्रजी बोलता आलं पाहिजे. काकूंना इंग्रजी येत होतं ते साबणाच्या डब्यावरचं.

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी शेंगा सोलता सोलता तिनं सासूची शिकवणी सुरू केली. खिडकीवरचाच शब्द पहिला घेतला: लॉस्ट. छत्री हरवली तरी लॉस्ट, वाट चुकली तरी लॉस्ट, सामना हरलात तरी लॉस्ट, वजन उतरलं तरी तेच. आणि घरातलं माणूस गेलं, तरीही लॉस्टच. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं, छत्रीला आणि माणसाला एकच शब्द?"

"एकच, आई."

"मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं, कुणाचं काय गेलंय ते?"

सून म्हणाली, पुढचं ऐकायचं, म्हणजे कळतं. काकूंनी नाक मुरडलं. आपल्यात हरवणं वेगळं, हरणं वेगळं, मुकणं वेगळं. यांचा सगळा स्वयंपाक एकाच भांड्यात. तरी त्यांनी शब्द घोकला, आणि 'कसा दिसतो', 'कुठे ठेवला होता' हेही इंग्रजीत तोंडपाठ केलं. सुनेनं शाबासकी दिली तेव्हा त्या लाजल्यासुद्धा, फक्त कबूल केलं नाही.

खिडकीत त्यांचा जम बसला. साहेबांचा नियम होता, वस्तू जशी येईल तशी पिशवीत घालून ठेवायची. हा नियम काकूंनी एका कानानं ऐकला आणि दुसऱ्यानं सोडून दिला. परक्याची वस्तू मळकी परत करायची? लाज नाही का वाटणार? छत्र्या पुसल्या गेल्या, चष्मे लखलखले, एका कापडी सशाला तर अंघोळ घालून कानाला चिमटा लावून वाळत टाकलं. लोक खूश होऊन जायचे. साहेबांनीही बघून न बघितल्यासारखं केलं.

त्यातच एका खोलीत राहिलेली लोकरीची शाल आली. जुनी, राखाडी, जागोजागी रफू केलेली, आणि कोंदट वासाची. काकूंनी ती कोमट पाण्यात हातानं धुतली, सपाट पसरून वाळवली, अलगद इस्त्री फिरवली. इतकं जिवापाड त्यांनी स्वतःच्या लुगड्यालाही कधी केलं नव्हतं.

महिना संपत आला होता. साहेब काकूंना ठेवायचं की नाही ते सांगायला म्हणून खिडकीशी उभे होते, तेवढ्यात एक तरुण बाई धावतपळत आली. शाल बघताच तिचा चेहरा उजळला. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिली. मग घडी उलगडून दुसरीकडे हुंगली, तिसरीकडे हुंगली.

शाल तिच्या आईची होती, असं ती इंग्रजीत हळूहळू सांगू लागली. आई गेल्या वर्षी लॉस्ट झाली. काकूंनी तो शब्द बरोबर ऐकला, आणि पुढचंही. शालीला आईचा वास होता, म्हणून तिनं ती कधी धुतली नव्हती. मग कसंनुसं हसत तीच म्हणाली, इतक्या दिवसांत उडून गेला असेल, वास काय कायमचा राहतो थोडाच.

सुटायला वाट आयती चालून आली होती. शेजारी साहेब उभे होते. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं.

"मी धुतली," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "वास मी घालवला. चूक माझी."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईच्या गालांवरून नुसतं पाणी ओघळत होतं. काकूंनाही रडू फुटलं, आणि रडतारडताच त्यांनी खिडकीतून हात घालून शालीचा एक कोपरा तिच्यापुढे धरला. तिथली लोकर ओढून ओढून गुठळ्यांसारखी झाली होती, मध्ये बारीक भोकं पडली होती. धुताना त्यांनी ती पाहिली होती. दात येताना पोरं हाताला लागेल ते चावतात, त्याच्या खुणा. 'बेबी' आणि 'टूथ' एवढंच त्यांना आठवलं. बाकीचं त्यांनी स्वतःची मूठ हिरड्यांत चावून दाखवलं.

बाईनं डोळे पुसले. आईला मूल ती एकटीच होती, असं ती म्हणाली.

मग काकूंनी तिचं बोट धरून सगळ्या शालीवरून फिरवलं. इथे रफू, इथे रफू, खांद्यावर तर रफूवर रफू. जीर्ण झालेला एकेक धागा त्या माउलीनं जपून सांधला होता. आणि बोट परत त्या कोपऱ्यावर आणून ठेवलं. तिथे सुई लागलीच नव्हती.

"हे आईनं मुद्दाम ठेवलं," काकू आपल्याच भाषेत म्हणाल्या. इंग्रजी संपलं होतं.

बाईला ते कळलं असावं. किती तरी वेळ ती त्या भोकांवर अंगठा फिरवत राहिली, आणि मग रडताना मध्येच हसली. शाल तिनं काकूंपुढे ठेवली आणि खुणेनं सांगितलं, घडी घालून द्या, हा कोपरा वर येईल अशी. काकूंनी जन्मभरात हजारो घड्या घातल्या असतील, पण ही त्यांना दोनदा मोडून घालावी लागली.

बाई गेल्यावर त्या साहेबांकडे न बघताच खुर्चीवरची आपली पिशवी उचलू लागल्या.

"काकू," साहेब म्हणाले, "उद्यापासून साबण खालीच राहू द्या."

पुढे ते नियमांबद्दल बराच वेळ बोलले. काकूंनी मान डोलावली खरी, पण त्यांच्या कानांत शिरलं ते एवढंच, उद्यापासून.