पळसदेवचा मूळपुरुष

बारामतीत माझं तसबिरी मढवायचं दुकान आहे. दसरा जवळ आला की मी न जाण्याची निमित्तं शोधू लागतो, कारण त्या दिवशी मला पळसदेवला जावंच लागतं.

तिथले एक तात्या पूर्वी बाजारच्या दिवशी दुकानात येऊन बसायचे. उजनी धरणाचं पाणी आलं, तेव्हा जुन्या गावातून सामान हलवताना त्यांच्या मूळपुरुषाचं चित्र हरवलं होतं.

"पानपतावर गेलेला मानूस हाय, भाई. तुमच्याकडं रद्दी येती, बघा की."

ते हरवलेलं चित्र आधीच काळवंडलेलं होतं. तात्यांना आठवत होती ती फक्त पगडी आणि मिशा.

एकदा रद्दीत जुनं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला एक चेहरा होता. बारीक बारीक रेघा, पगडी, मिशा. खालच्या ओळीचा अर्थ मला लागला. पानपतावर हरवलेला पेशव्यांच्या घरातला पुरुष मीच, असं सांगत फिरलेला तोतया.

ती ओळ मी पट्टी लावून कापली आणि चिकटवायची खळ शिजवायच्या शेगडीत टाकली. तात्यांची दया आली, असं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तात्यांचा शब्द चार गावांत चालायचा. त्यांच्यामागून गिऱ्हाईक येणार होतं, आणि आलंही.

चेहरा मढवला आणि हाच तुमचा मूळपुरुष म्हणून पळसदेवला नेऊन दिला. तात्या चित्रापुढं रडले. मग त्यांनी रीतच पाडली. दसऱ्याला तसबीर ज्यानं आणली त्यानंच उतरवायची, काच पुसून पाटावर ठेवायची, आणि आपट्याचं पहिलं पान त्यालाच. एका वर्षी मी तापाचं निमित्त सांगितलं, तर त्यांचा मुलगा जीप घेऊन दारात. पूजा माझ्यासाठी खोळंबली होती.

हळूहळू त्यांचं घरच चित्रासारखं होत गेलं. मुलानं तशाच मिशा राखल्या. बारशाला बाळाचं नाक चित्राशी ताडून बघायचे. जुळायचंही.

यंदा त्यांचा नातू म्हणाला, "चाचा, दसरा झाला की ह्ये चित्र छातीवर गोंदवून घेणार. हाय तसं."

मग मात्र राहवेना. तात्यांना परसात नेलं आणि सगळं सांगितलं. तात्या तळहातावर तंबाखूत चुना मळत ऐकत होते.

"पानपतावर गेल्तो, म्हनायचा का न्हाय त्यो?"

"म्हणायचा."

"मग? आमी बी तेच म्हनतोय."

"खोटं होतं ते, तात्या. म्हणून तर मारला त्याला."

"खऱ्याला बी खोटा ठरवून मारत्यात, भाई. ती कापलेली वळ कुठाय?"

"जाळली."

तात्यांनी तंबाखू दाढेखाली धरली. "मंग झालं. आता म्हातारपनी मला बिनबापाचा करू नगा. चला, पोरं थांबल्यात."

मी तसबीर उतरवली, पाटावर ठेवली. पहिलं पान घेतलं. तात्यांनी माझी मूठ स्वतः मिटवली आणि जरा जास्तच वेळ दाबून धरली.

तेवढ्यात नातू मोबाईल घेऊन आला. "चाचा, गोंदणाला फोटू पायजे, काचेची चमक येती. जरा काच काढून द्या."

मागचे खिळे मीच ठोकलेले, मीच उपसले. चित्र बाहेर आलं. खालची कड डावीकडं किंचित वाकडी गेली होती. ओळ कापताना माझी पट्टी सरकली असावी.

"सरळ धरा, चाचा," नातू म्हणाला.

मी सरळ धरलं.