समान संधीच्या बाई आणि माझी पिवळी फाईल

बायकोचं कॉलेज माझ्यामुळे एक सत्र लांबलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला हसू येईल, आणि हसण्याच्या नादात दोष कुणाचा ते विसरायला नको.

आम्ही अमेरिकेतल्या ट्रॉयला राहतो. मी वीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितोय, पण आमच्याच गाडीचं बॉनेट कसं उघडायचं ते बायकोला विचारावं लागतं. तिच्या वडिलांचं कराडला स्कूटरचं गॅरेज होतं. शाळेतून आली की दप्तर फेकून ती त्यांच्या हातात पाने द्यायला बसायची. इथे ती अर्ध्या गल्लीच्या बॅटऱ्या बदलून देते. एका रविवारी पोहे वाढता वाढता तिने जाहीर केलं, "मी कम्युनिटी कॉलेजला जाणार. ऑटो मेकॅनिकचा कोर्स. ऑगस्टपासून. फॉर्म तेवढा तुम्ही भरा, तुम्हाला फॉर्मची हौस आहे."

हौस आहे, खरंच आहे. मेरिट लिस्ट, कट-ऑफ, पहिली यादी, दुसरी यादी, खिडकीवरचे साहेब जेवायला गेलेले, यातून मी घडलो. आणि या कॉलेजच्या फॉर्मवर पहिलंच वाक्य होतं की इथे प्रवेश सर्वांना आहे.

"सर्वांना कसा असेल?" मी म्हणालो.

"बाबा, इट्स ओपन अ‍ॅडमिशन," मुलगी म्हणाली. "लिटरली एव्हरीवन गेट्स इन."

"असं ते म्हणतात."

मी कराडच्या मेव्हण्याला फोन केला. बायकोचा शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बी.कॉम.चं सर्टिफिकेट, सगळ्यांच्या तीन तीन प्रती, अटेस्ट करून. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ताईला नक्की शिकायचंय का तुम्हाला तिला नोकरीला लावायचंय?" तरी बिचाऱ्याने पाठवलं. या सगळ्यात तीन आठवडे गेले. बायको विचारायची, "भरला का हो?" मी म्हणायचो, "प्रोसेसमध्ये आहे." फॉर्म पिवळ्या फाईलमध्ये होता आणि फाईल माझ्या बॅगेत.

फाईल पूर्ण झाली त्या दिवशी मी फॉर्मच्या तळाचा बारीक मजकूर वाचला. वंश, धर्म, लिंग, वय यांवरून हे कॉलेज भेदभाव करत नाही. समान संधीविषयी काही विचारायचं असल्यास अमुक खोलीतल्या अधिकाऱ्यांना भेटावं. मी मांडीवर थाप मारली. सापडलं! म्हणजे कोट्याच्या जागा या खोलीतून सुटतात तर!

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल आणि पेढ्यांचा डबा घेऊन तिथे गेलो. अधिकारी म्हणजे पांढऱ्या केसांच्या, अतिशय प्रेमळ बाई होत्या. माझा चेहरा बघूनच त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी पेढ्यांचा सरकवला.

"भेटवस्तू घेता येत नाही मला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तक्रारीचा अर्ज काढला. "तुमच्या पत्नीला कोणी नाकारलं?"

"अजून कोणी नाही. नाकारायच्या आधीच आलोय."

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "बाई आहे म्हणून कोणी अडवलं? वयावरून कोणी बोललं?"

"नाही नाही, सगळे फार चांगले आहेत."

"तिने अर्ज कधी केला?"

"अर्ज माझ्याकडे आहे." मी फाईल थोपटली. "तीन आठवडे झाले. कागद जमवत होतो."

"कागद लागत नाहीत, सर. नाव आणि पत्ता लागतो."

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "सत्तेचाळीस वर्षांची आहे हो ती. या वयात बाईमाणूस गाडीखाली झोपणार, आमच्या मराठी मंडळात लोक काय म्हणतील? मी तर तिथल्या काकांना सांगून बसलोय की ती मॅनेजमेंट करतेय."

मी काय बोललो ते मला त्यांच्याआधी कळलं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "कॉलेजबाहेरच्या माणसाविरुद्ध मला तक्रार नोंदवता येत नाही. नाहीतर आत्ताच नोंदवली असती."

मग त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. कॉलेजात प्रवेश सर्वांना होता, पण त्या कोर्सच्या वर्कशॉपमध्ये गाड्या उचलायच्या लिफ्ट मोजक्याच. ऑगस्टचा वर्ग परवाच भरला होता. आता जानेवारीत.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून सहा पेढे खाल्ले. त्याने काही झालं नाही.

घरी आलो तर ड्राइव्हवेवर बायको गाडीखाली ऑइल बदलत होती. बाहेर फक्त दोन पाय दिसत होते, माझ्या जुन्या मोज्यांतले. आमचा शेजारी मशीनने गवत कापत होता. मी त्या पायांसमोर उकिडवा बसलो.

"अगं, कॉलेजचं... चुकलं माझं."

"काय? मशीन चालू आहे, ऐकू येत नाहीये!"

"तुझा वर्ग भरला! जानेवारीपर्यंत थांबावं लागेल! माझ्यामुळे!"

पाय हलायचे थांबले. "का? दाखला नाही आला कराडहून?"

हो म्हणायची सोय होती. दाखल्याने ती थाप आयुष्यभर निभावली असती. तेवढ्यात शेजाऱ्याने मशीन बंद केलं, आणि मी मात्र अजून त्याच आवाजात ओरडत होतो.

"कागद लागतच नव्हते! मला लाज वाटत होती, म्हणून अर्ज दाबून ठेवला! तुझी नव्हे, लोकांची! तुझी वाट मीच अडवली. माफ कर मला. काकांना आज फोन करून खरं सांगतो, आणि अर्ज तू स्वतः भर, मी बॅगेला हातसुद्धा लावणार नाही."