ऑटोवरचा पंखा

शिरवळच्या आमच्या शेडमध्ये अख्खं विमान कधीच नव्हतं. होता तो एक अर्धा पंख, लोखंडी घोड्यांवर चढवलेला, आणि त्याच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचा पंखा. कागदावर त्याला प्रॉपेलर म्हणत, आम्ही पंखाच म्हणायचो. पुढेमागे विजेवर उडणाऱ्या विमानात वीज कमी पडली तर आधी कुणाची तोडायची आणि कुणाची शेवटपर्यंत राखायची, हे ठरवणारं डोकं, म्हणजे प्रोग्रॅम, आम्ही तीन इंजिनिअर तिथे घडवत होतो. मी पलूसची, ऊसवाल्या घरची. बाकीचे दोघंही इकडचेच, विहिरीवर मोटर असलेल्या घरचे. चुलतीला मी हे काम समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे लोडशेडिंगच की गं! त्येच्यासाठी एवढं शिकलीस व्हय?" मी चिडले, पण खोटं काय बोलली ती?

आमच्याकडे विहिरीवर मोटर बसवली की दोन गोष्टी आपोआप येतात. स्टार्टरच्या पेटीवर एक बल्ब, म्हणजे लाईट आहे की गेली ते बांधावरूनच दिसतं. आणि ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते, कुणाला उठून जायला नको. शेडमध्येही आम्ही पंख्याच्या जाळीवर असाच बल्ब टांगला होता. पंख्याची वीज तुटली की तो विझायचा. सगळ्यांना फार सोयीचं वाटलं होतं ते.

पंख्याची देखभाल मेजरांकडे होती. रहिमतपूरचे, फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवलेले. मेजर हा त्यांचा हुद्दा नव्हे, पण इकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

त्या दिवशी शेवटची पायरी तपासायची होती. विमानातला गारवा, म्हणजे एसी, तोडला, दिवे तोडले, तरी वीज पुरत नसेल तर दोनपैकी एक पंखा थांबवायचा आणि दुसरा जगवायचा. थांबवायचा तो शेडमधला; दुसरा, दिव्यांसारखाच, नुसता पडद्यावर होता. काचेमागच्या खोलीत माझ्या शेजारी बसून सहकाऱ्याने वीज हळूहळू उतरवली. पंखा थांबला, बल्ब विझला. आम्ही खूश! मग त्याने वीज पुन्हा चढवायला घेतली. पडद्यावर दिवे परत आले, गारवा परत आला. सहज म्हणून मी मान वर केली.

मेजर जाळीच्या आत होते. एक हात पात्यांच्या मधून खांद्यापर्यंत आत, आणि पाना घेऊन ते काहीतरी आवळत होते.

मी किंचाळले. काचेपलीकडे काय ऐकू जाणार? लाल बटणावर हात कधी मारला ते आजही आठवत नाही. पंख्याने अर्धा फेरा घेतला आणि तो थांबला. तेवढ्यात मेजरांच्या हातातला पाना उडून पत्र्यावर आदळला होता. तो आवाज पान्याचा की हाडाचा, हे मला कळेना.

धावत गेले तर ते खाली बसलेले, मनगट धरून. मी त्यांची बोटं पाहिली, एकेक करून. सगळी होती. मग मीही तिथेच फरशीवर बसले.

"बल्ब तर इजला हुता की, बाई," ते म्हणाले. थोडा दम घेऊन म्हणाले, "मग त्येला चालू हो म्हून सांगितलं कुणी?"

कुणीच नाही. तेच तर!

त्यांना दवाखान्यात पाठवून आम्ही प्रोग्रॅम उघडला. वीज पूर्ववत झाली की आधी जे चालू होतं ते चालू करावं, असं आम्हीच लिहिलं होतं. दिव्यांना ठीक, गारव्यालाही ठीक. पंख्याने मात्र वैमानिकाच्या हुकमाची वाट पाहायला हवी होती. प्रोग्रॅममधलं ते वाक्य चहा पिता पिता आम्ही तिघांनी मोठ्याने वाचलं होतं. एकालाही खटकलं नव्हतं. "गड्या, आपण ऑटोच टाकलाय की रं," सहकारी म्हणाला. बेफिकीर असं आमच्यात कुणीच नव्हतं. मेजरांनी बल्ब पाहिला, आम्ही ऑटो टाकला, सगळं घरी करतो तसंच. आणि एवढ्यावर एका माणसाचा हात जाणार होता.

प्रोग्रॅम बदलला. बल्ब मी स्वतः उतरवला. मेन स्विचला कुलूप आलं आणि जो आत जाईल त्याच्याकडेच किल्ली, असा नियम झाला.

मेजर मनगटाला पट्टी बांधून परत आले. मेन त्यांनी स्वतः बंद केला, कुलूप ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. आणि जाळीच्या दाराशी उभे राहिले.

"जाऊ का?"

"मेजर, किल्ली तुमच्याच खिशात आहे."

"हाय की. तरीबी तुमी म्हना."

मीच जाळीच्या आत गेले, पातं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाले, "आता घाला हात."

मेजर म्हणाले, "आवं, चालू झालं तर धरून थांबंल व्हय त्ये?"

"न्हाई थांबायचं," मी म्हणाले, आणि पातं सोडलं नाही.